ग्रामसभा घ्या ताई, पण हॉलमध्ये नको

(हे पत्र आणि त्याचं उत्तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचं, २०२१ च्या १५ ऑगस्टआधीचं आहे, त्यातले साथीचे आदेश तेव्हाचे समजा. पत्र बरंच मोठं होतं. नाव-गाव काढून, ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात देतेय.)

"मी मराठवाड्यातल्या एका गावची सरपंच आहे. मतदार दोन हजारांच्या आसपास. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं, फेब्रुवारीत सदस्यांनी मला सरपंच केलं, आणि काम समजून घेतेय तोवर दुसरी लाट आली. एप्रिल-मेमध्ये घरटी ताप होता, गावातली काही माणसं गेली, त्यात माझे चुलत सासरे पण गेले. सासूबाईंना शुगर आहे, लसीचा एकच डोस झालाय. आता १५ ऑगस्ट जवळ येतोय आणि ग्रामसभेचा विषय निघालाय. नीट ग्रामसभा होऊन गावात दीड वर्ष होत आलं. उपसरपंच म्हणतात गुगल मीटवर घेऊ, त्यांचा पुतण्या लॅपटॉप लावून देईल. जुनी मंडळी म्हणतात कोरोना गेला, नेहमीसारखी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्येच घ्या. एकजण तर म्हणाले, ताई कशाला डोक्याला ताप करून घेता, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरेल, सह्या घेईल, झाली ग्रामसभा. मला यातलं काहीच पटत नाही. सभा घेतली आणि कोणी आजारी पडलं तर बोट माझ्याकडे. नाही घेतली तर 'बाईला जमत नाही', आणि वर पद जाईल अशी भीती घालतात. सरळ पुढे ढकलू का?"

सरपंचताई,

तुमच्या घरातलं माणूस गेलं, दोन-तीन महिने पण झाले नाहीत, आणि तुम्ही गावाचा विचार करत बसलाय. आधी त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं एवढं सांगते, मग कामाचं बोलते.

पद जाण्याची भीती आधी बाजूला करू, कारण ती डोक्यात असली की बाकी काही सुचत नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्यायच्या असतात आणि सबळ कारण नसताना सरपंचाने त्या घेतल्या नाहीत तर पदावर गदा येऊ शकते, हे खरं आहे. पण त्यात 'सबळ कारण' हा भाग आहे, आणि गेल्या दीड वर्षात खुद्द शासनानेच ग्रामसभा कधी थांबवल्यात, कधी परवानगी दिलीय, कधी ऑनलाइन घ्या म्हटलंय. त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात आज काय लागू आहे ते महत्त्वाचं. जून २०२१ मध्ये शासनाने साथीच्या जोराप्रमाणे जिल्ह्यांना पाच स्तर लावलेत ना, त्यात तुमचा जिल्हा कुठे बसतो त्याप्रमाणे बैठकीला किती माणसं चालतात ते ठरतं, आणि ते बदलत राहतं. ग्रामसेवकांना सांगा, ताजा आदेश प्रिंट काढून माझ्या हातात द्या. 'बीडीओ साहेब (गटविकास अधिकारी) फोनवर म्हणाले' यावर विसंबू नका. आदेश बंदी सांगत असेल तर तुमची ग्रामसभा न होणं हे तुमच्या अंगाला लागणारच नाही, आणि परवानगी असेल तर मग पुढचं वाचा. बंदी असली तरी वाचा म्हणा, कारण ती कधीतरी उठणारच आहे आणि तेव्हा तयारी हाताशी पाहिजे.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तुम्ही गृहीत धरलंय की माणसं एकत्र आली की धोका, आणि नाही आली की सुरक्षित. पहिल्या लाटेत आपल्या सगळ्यांना तसंच सांगितलं गेलं, हात धुवा, लांब उभे राहा, गावच्या वेशीवर फवारणी करा. हात धुणं चांगलंच आहे, माणसांच्या अंगावर औषध फवारणं मात्र आरोग्य मंत्रालयानेच एप्रिल २०२० मध्ये नको म्हणून सांगितलं होतं आणि तरी कितीतरी ठिकाणी सॅनिटायझरचे बोगदे लागले. तेव्हापासून आपल्याला बरंच जास्त कळलंय. मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने साध्या भाषेत पत्रक काढलं, त्यात सांगितलंय की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारं उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा. बंद खोलीत एका कोपऱ्यात कोणी बिडी ओढली तर दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो आणि मैदानात शेजारच्यालाही नीट येत नाही, तसंच हे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायकमंडळाची तालीम झाली होती, ६१ जण, बंद हॉल, अडीच तास गाणं. त्यातले ५० च्या वर लोक आजारी पडले, दोघं दगावली. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: बंद जागा, भरपूर वेळ आणि मोठा आवाज.

ग्रामसभेत काय असतं सांगा बरं? बंद जागा, भरपूर वेळ आणि मोठा आवाज!

तुमचा हॉल मी बघितलेला नाही, पण असे हॉल पुष्कळ बघितलेत. दोन खिडक्या, त्यातल्या एकीला दप्तराचं लोखंडी कपाट टेकवलेलं, दुसरीवर कुठल्यातरी योजनेचा फ्लेक्स ताणलेला, दाराशी चपलांचा ढीग आणि दारातच उभी राहिलेली पोरं, म्हणजे हवा यायची एकमेव जागा पण बंद. अशा हॉलमध्ये तुम्ही गोल आखून एक एक खुर्ची लांब ठेवली, सगळ्यांच्या हातावर सॅनिटायझर टाकलं, दारात थर्मल गन धरली, तरी सगळे तीच हवा दोन तास घेणार. म्हणून जुन्या मंडळींना माझा पाठिंबा अर्धाच आहे. माणसांनी समोरासमोर बसावं हे त्यांचं बरोबर आहे. हॉलचा हट्ट सोडावा.

मग बसायचं कुठे, कारण ऑगस्टमध्ये पाऊस. पटकन सगळे म्हणतील देवळाचा सभामंडप, तीन बाजूंनी मोकळा, वर छत, फरशी पुसली की झालं. हवेच्या दृष्टीने उत्तम आहे. पण ताई, आधी विचारून घ्या. सभामंडपात बसायला वस्तीवरच्या सगळ्यांना मोकळं वाटतं का? मुसलमान घरातल्या बायका येतील का? पाळीच्या दिवसांत बाई पायरी चढेल का? तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही, फक्त येणार नाहीत, आणि आपण म्हणणार लोकांना उत्साहच नाही. तुम्ही बाई आहात, या गोष्टी तुमच्या एका नजरेत येतील. त्यापेक्षा जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा आणि पुढचं पटांगण बघा, शाळा बंदच आहेत. आठवडी बाजाराची पत्र्याची शेड असेल तर अजून छान, चारी बाजू उघड्या. मांडव घालणार असाल तर वर ताडपत्री चालेल, पण बाजूचे पडदे सोडायचे नाहीत, पाऊस तिरका आला तर खुर्च्या मध्ये सरकवायच्या, पडदा ओढायचा नाही. आणि दवंडीत नि नोटिशीत जागा स्पष्ट सांगा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, त्यातच 'पाऊस जोराचा असल्यास अमुक ठिकाणी' असं लिहून टाका, म्हणजे ऐनवेळी सगळे हॉलमध्ये घुसणार नाहीत.

आता माईक. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू माईक आहे आणि तिच्याकडेच कोणाचं लक्ष नसतं. माईक नसला की माणूस ओरडतो, मास्कमुळे ऐकू येत नाही म्हणून अजून ओरडतो, मग मास्क खाली ओढतो, आणि बोलतानाच मास्क निघाला तर तो घातला काय नि न घातला काय. माईक असला की हळू बोललं तरी चालतं, मास्क वर राहतो, मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू जातं, आणि कधी न बोललेल्या बाईचा आवाज पण तेवढाच मोठा येतो जेवढा गल्लीतल्या पुढाऱ्याचा येतो. माईक हातोहात फिरवू नका, स्टँडवर ठेवा, ज्याला बोलायचं तो तिथे जाईल. जो चालत जाऊ शकत नाही त्याच्याकडे स्टँड न्या.

आणि त्याच माईकला जोडलेला भोंगा एक वेशीकडे, एक वस्तीकडे तोंड करून लावा. पोलीस पाटलांच्या कानावर घाला, ठाण्याची परवानगी घ्या. म्हणजे ज्याला यायची भीती वाटते, ज्याच्या घरात कॅन्सरचा किंवा डायलिसिसचा पेशंट आहे, जो स्वतः विलगीकरणात आहे, बाळंतीण आहे, तो आपल्या ओट्यावर बसून सगळी सभा ऐकू शकतो. तुमच्या सासूबाई पण. इंटरनेट नको, रिचार्ज नको. एक पथ्य मात्र पाळा, भोंग्यावरून कोण पॉझिटिव्ह आहे, कोणाच्या घरात कोण गेलं असलं काही यायला नको. आधीच लोक तपासणीला घाबरतात, त्यात जून २०२१ मध्ये राज्य शासनाची 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा जाहीर झालीय, बक्षिसासाठी ताप लपवायची बुद्धी कोणाला होऊ नये.

ऐकायचं झालं, बोलायचं काय? त्यासाठी साधा फोन. ग्रामपंचायतीचा एक नंबर जाहीर करा, सभा चालू असताना ज्याला घरून प्रश्न विचारायचा त्याने त्यावर फोन करायचा, शिपायाने फोन स्पीकरवर टाकून माईकच्या पुढ्यात धरायचा. बटणाच्या फोनवरून पण होतं. थोडी खरखर येईल, मध्येच फोन कट होईल, तरी चालतं. घरातून आलेला प्रश्न सगळ्या गावाने एकाच वेळी ऐकला की त्याचं उत्तर पण सगळ्यांसमोर द्यावं लागतं. ज्यांना भर सभेत बोलायचा संकोच आहे त्यांचे प्रश्न आशाताईंकडे आदल्या दिवशी चिठ्ठीवर द्यायला सांगा, त्या घरोघर जातातच. आणि कानाने ऐकू न येणारं कोणी असेल तर मास्कमुळे त्यांना ओठ वाचता येत नाहीत हे लक्षात ठेवा, शाळेचा फळा बाहेर काढा आणि प्रत्येक विषयाला मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहायला एखादी कॉलेजची पोरगी बसवा.

गुगल मीटबद्दल माझं मत तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, पण उपसरपंचांना उडवून लावू नका. बाहेरगावी कामाला गेलेली पोरं, पुण्यात अडकलेले मतदार, यांना लिंकवरून बघता येत असेल तर चांगलंच आहे, माईकच्या शेजारी एक मोबाईल लावून ठेवा. मात्र ग्रामसभा फक्त त्यावर घेतली तर कोण येईल याचा विचार करा. स्मार्टफोन घरात एक, तो आत्ता पोराच्या ऑनलाइन शाळेला, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. वस्तीवर रेंज पाहिजे तर झाडाखाली जावं लागतं. आणि अजून एक, मीटमध्ये म्युटचं बटण ज्याच्या हातात त्याच्या हातात सभा. समोरासमोरच्या सभेत अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला चारजणांनी गलका करावा लागतो आणि तो सगळ्यांना दिसतो, इथे पुतण्याचं एक बोट पुरतं आणि वर 'नेटवर्क गेलं' म्हणायला मोकळे. तुमच्या जिल्ह्याचा आदेश फक्त ऑनलाइनच घ्या म्हणत असेल तर म्युटचं काम पुतण्याकडे देऊ नका, शाळेतल्या एखाद्या बाईंना बसवा, आणि भोंगा नि फोन तरीही लावा. ज्याच्याकडे फोन आहे त्याने अंगणात ठेवून शेजारच्या एक-दोन घरांनी मिळून ऐकावं. शहरातल्या वाचकांनी पण हे बघावं, महापालिकांच्या सर्वसाधारण सभा कोरोनामुळे २०२० पासून व्हिडीओवर झाल्या आणि नागरिकांची प्रेक्षक गॅलरी त्यात गायब झाली. नगरसेवकांना जी लिंक जाते तीच बघायला लोकांना मिळावी, ही मागणी प्रत्येक वॉर्डातून व्हायला पाहिजे.

दुसरं गृहीतक तुमचं असं दिसतं की कोरोनाआधीची ग्रामसभा ही सगळ्यांची होती आणि आता ती पुन्हा तशी करायची. दीड वर्षापूर्वीचं हजेरी रजिस्टर काढून बघा ना एकदा. किती बायकांच्या सह्या आहेत? वस्तीवरची किती नावं? सकाळी अकराला सभा, तेव्हा मजूर माणूस खुरपणीला गेलेला असतो, त्याचा रोज बुडवून तो येणार नाही. हॉलला तीन पायऱ्या, तीनचाकी सायकलवाला बाहेरच थांबणार. दिव्यांगांसाठी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी ग्रामपंचायतीने खर्च करायचा असतो, आणि तो कशावर करायचा ते ठरवायच्या सभेला तोच माणूस आत येऊ शकत नाही, ही अवस्था कोरोनाने आणलेली नाही. तेव्हा वेळ ठरवताना बायकांना आणि मजुरांना विचारा. चार ते साडेपाच जमेल का, उजेड असतो, स्वयंपाकाच्या आधी सुटते. १५ ऑगस्टलाच पाहिजे असा हट्ट कोणी धरला आणि त्या दिवशी सकाळी झेंड्यानंतर लगेच उरकायचा बेत असेल तर तोही सुट्टीमुळे कदाचित बरा पडेल, पण उरकायचा नको.

ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची असते, कायद्यातच आहे, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. या वेळी ती खरोखर घ्या, आणि एक मोठी घेण्यापेक्षा वस्तीवस्तीवर छोट्या घ्या, पिंपळाच्या पारावर, कोणाच्या ओसरीत, वीस-पंचवीस बायका, अर्धा तास. तसंच प्रत्येक सदस्याला आपापल्या वॉर्डात छोटी बैठक घ्यायला लावा. ठराव तिथे होत नाहीत, ठराव ग्रामसभेतच व्हायला पाहिजे, पण चर्चा, भांडण, याद्या वाचणं हे सगळं तिथे होऊन जातं, आणि मुख्य सभा तीन तासांची दीड तासात आटोपते. साथीच्या दृष्टीने तर हे फायद्याचं आहेच, मला विचाराल तर साथ गेल्यावर पण हे सोडू नका.

आता कोरम (गणपूर्ती), म्हणजे सभेला किमान किती माणसं लागतात ते, इथे तुमचा खरा पेच आहे. १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. तुमच्याकडे म्हणजे १०० माणसं पाहिजेत. आदेशातली मर्यादा त्याहून कमी निघाली तर? मग लोक शॉर्टकट सांगतील, कोरमअभावी तहकूब करा, तहकूब सभेला कोरम लागत नाही, बारा माणसांत विषय मंजूर. कायद्याने चालतं ते. पण दीड वर्षाने पहिली सभा आणि घरकुलाची यादी बारा माणसांनी मंजूर केली, तर ती यादी पुढची चार वर्षं तुमचा पिच्छा पुरवेल. त्यापेक्षा गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या: आमच्याकडे गणपूर्ती १०० ची आहे, मर्यादा एवढी आहे, उघड्या जागेत एवढ्या अंतराने सभा घेतोय, मार्गदर्शन करावं. पत्राची पोच घ्या. उत्तर आलं तर छान, नाही आलं तरी तुमच्या फाईलला पत्र राहतं. फोनवरून बोलणाऱ्यांना कोरममध्ये धरायचं का, तर आदेशात तसं लिहिलं असेल तरच धरा. तहकूब करायचीच वेळ आली तर त्या सभेत फक्त वाट न बघू शकणारे विषय घ्या, बाकीचे पुढे.

कुठले विषय वाट बघू शकत नाहीत हे मात्र तुम्ही आणि सदस्यांनी मासिक सभेत आधी बसून ठरवा. माझ्या मते पहिला विषय कोरोनाच्या खर्चाचा हिशोब. सॅनिटायझर, हायपोक्लोराइट, फवारणीची मजुरी, शाळेतला विलगीकरण कक्ष, गाद्या, ऑक्सिमीटर, कशावर किती गेले, बिलं कोणाच्या नावाची. गेल्या वर्षीचा मोठा भाग तुमच्या काळातला नाहीच, जानेवारीआधी कितीतरी गावांत पंचायतीची मुदत संपल्यामुळे नेमलेले प्रशासक होते, त्यामुळे तुम्हाला तर घाबरायचं काही कारण नाही. माणसं गेलीयत गावातली. त्यांच्या घरच्यांना हे कळायला पाहिजे की कक्षात बेड होता का, होता तर का मिळाला नाही. हे ऐकायला सोपं नसेल, कोणी रडेल, कोणी चिडेल, तेव्हा माईक त्यांच्यापुढून काढून घेऊ नका. त्यानंतर तिसऱ्या लाटेची तयारी, मग विकास आराखडा नि पंधराव्या वित्त आयोगाच्या (केंद्राकडून येणाऱ्या) निधीतली कामं, मग लाभार्थी. सत्कार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं सगळी रद्द. चहा पण नको, चहा आला की मास्क उतरतो आणि घोळका होतो. बिस्किटाचा पुडा जाताना हातात द्या हवं तर.

घोळक्यावरून आठवलं, सगळ्यात मोठी गर्दी सभेत होतच नाही, ती हजेरीच्या टेबलाशी होते. एक रजिस्टर, दोरीने बांधलेलं एक पेन, आणि वर वाकलेली पंधरा डोकी. त्यापेक्षा लोक बसले की शिपायाने नि एका सदस्याने रजिस्टरं घेऊन ओळीओळीने फिरावं, दोन वॉर्डांना एक अशी वेगळी पानं करा. अंगठा देणाऱ्या आज्यांना शाईचा पॅड जागेवर न्या आणि बोट पुसायला ओला फडका द्या.

आणि ते घरोघर फिरणारं रजिस्टर. ताई, याला ठामपणे नाही म्हणा. ज्यांनी सुचवलं ते कदाचित तुमच्या काळजीने बोलले असतील, पण न झालेल्या सभेच्या रजिस्टरवर सरपंचाची सही म्हणजे खोटं कागदपत्र, आणि चौकशी लागली की सुचवणारा कुठेच नसतो. शिवाय तोच शिपाई ज्या घरी माणूस आजारी आहे तिथे पण सहीला जाणार, तिथून पुढच्या घरी.

लसीबद्दल एक. कोणीतरी म्हणेल, ज्यांनी लस घेतली त्यांनाच सभेला येऊ द्या. असं करू नका. ग्रामसभेला बसणं हा मतदाराचा हक्क आहे, आणि अजून कितीतरी लोकांना लस हवी असून मिळालेली नाही. त्यापेक्षा उपकेंद्रातल्या सिस्टरांना सभेत दहा मिनिटं द्या, लोकांच्या शंका माईकवर विचारू द्या, जिवाला धोका होतो, ताप येऊन माणूस मरतो असं जे गावभर पसरलंय त्याला तिथेच उत्तर मिळू द्या.

कोणी आजारी पडलं तर बोट माझ्याकडे, असं तुम्ही लिहिलंय. पडेल कदाचित कोणी. एवढं सगळं करून पण शंभर टक्के खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि तशी खात्री तुम्ही गावाला देऊ पण नका. दवंडीतच सांगा की धोका कमी करायला आम्ही हे हे करतोय, ज्याला ताप-खोकला आहे त्याने घरून ऐकावं आणि फोन करावा, त्याचं म्हणणं वगळलं जाणार नाही. ही सगळी व्यवस्था मासिक सभेच्या ठरावात लिहून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी काही सुचवलं तर ते पण घाला. म्हणजे हा निर्णय एकट्या बाईचा राहत नाही, पंचायतीचा होतो. सभेनंतर आठ-दहा दिवस आशाताईंना विचारत राहा कोणाला ताप आलाय का, आणि आलाच तर लपवायचं नाही, त्या ओळीत बसलेल्यांना सांगून तपासणीला पाठवायचं. घरी सासूबाई आहेत म्हणून तुम्ही स्वतः एन ९५ वापरा, सभेच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्यांच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून, मास्क लावूनच जा. तुम्हाला आदल्या दिवशी स्वतःला कणकण वाटली तर मात्र ओढून नेऊ नका, उपसरपंच अध्यक्षस्थानी बसू शकतात, तुम्ही पण फोनवरून बोला.

म्हणून पुढे ढकलू का याचं माझं उत्तर: आदेशाने बंदी नसेल तर ढकलू नका. तयारीला पंधरा दिवस कमी वाटत असतील तर तारीख थोडी मागे घ्या, पण ती तारीख आजच फळ्यावर लिहा.

आणि सभा संपली की उठायच्या आधी प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) तिथेच लिहून घ्या, ठराव माईकवरून वाचून दाखवायला लावा, सूचक-अनुमोदकांची नावं घालून. नंतर फेअर करून आणतो म्हणून ग्रामसेवक कोऱ्या पानावर सही मागतील, सवयीने मागतात सगळेच. शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, तिथेच सही करा, आणि पानाचा फोटो काढून त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, एक प्रिंट चावडीच्या बोर्डावर.